दिवसाला फक्त तीन गाड्या!

जपान म्हटलं की बुलेट ट्रेन, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण त्याच जपानात एक लाइन अशी आहे, जिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीनच. ही लाइन पुरात तुटली, अकरा वर्षं तुटलेलीच राहिली आणि तरीही परत आली. तादामी लाइनची ही सफर.

तोक्योच्या यामानोते लाइनवर गाडी चुकली तर आपण काय करतो? काहीच नाही! खिशातून मोबाइल काढतो, दोन मेसेज वाचून होईपर्यंत पुढची गाडी समोर हजर. दादरला एक लोकल सोडून दुसरी पकडावी तसंच, फक्त दारात लटकणारं कुणी नसतं आणि 'अंदर चलो भाई' ऐकू येत नाही.

आता नकाशावर तोक्योहून बोट वर सरकवा. फुकुशिमा प्रीफेक्चरचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग दिसेल. त्याचं नाव आइझु. इथल्या आइझु-वाकामात्सु या शहरातून निघायचं, डोंगर ओलांडायचा आणि शेजारच्या निइगाता प्रीफेक्चरमधल्या कोइदे गावात उतरायचं. ही झाली तादामी लाइन. लांबी १३५.२ किलोमीटर, स्टेशनं ३६. एकेरी रूळ. वर विजेच्या तारा नाहीत, डिझेलवर चालणारे एक-दोन डबे. अंतर मुंबई-पुण्यापेक्षाही कमी, पण वेळ लागतो साधारण साडेचार तास. म्हणजे डेक्कन क्वीनपेक्षाही तासाभराने जास्त!

आणि अख्खी लाइन पार करणाऱ्या गाड्या किती, तर एका दिशेला तीन. सकाळी सहाच्या सुमारास एक, दुपारी एकच्या सुमारास एक, संध्याकाळी पाचच्या सुमारास एक. चुकली की बसा. मोबाइलवरचे मेसेजच काय, अख्खी कादंबरी वाचून होईल.

तरीही जगभरातून लोक इथे येतात. शरद ऋतूत तर उभं राहायलाही जागा मिळत नाही. असं काय आहे तिथे?

गळ्यात घंटा नाही, पण मान डुलते

सुरुवात आइझु-वाकामात्सुला. हे सामुराईंचं गाव. १८६८ मध्ये जपानात सत्तांतर झालं, तेव्हा आइझुचे सामुराई जुन्या शोगुनच्या बाजूने लढले आणि हरले. त्सुरुगाजो किल्ल्याने महिनाभर वेढा सोसला, मग शरणागती. पुढे १८७४ मध्ये नव्या सरकारने किल्लाच पाडून टाकला. आज दिसतो तो १९६५ मध्ये पुन्हा उभारलेला. हरलेल्या बाजूचा इतिहास इथे अजून जपून ठेवलाय, आणि 'एकदा ठरवलं की ठरवलं' असा इथल्या माणसांचा लौकिक आहे. पुढे लाइनची गोष्ट ऐकताना हे लक्षात ठेवा.

स्टेशनापासून दुकानापर्यंत जिथे तिथे तुम्हाला एक लाल गाय भेटेल. तिचं नाव आकाबेको. कागदाच्या लगद्याची, अंगावर ठिपके, आणि मान अशी अडकवलेली की टिचकी मारली की आपली डुलतेच आहे. आपल्या नंदीबैलाची जपानी चुलत बहीणच म्हणा ना! पूर्वी देवीची साथ यायची तेव्हा लहान मुलांच्या उशाशी ही ठेवायचे, रोग दूर राहतो म्हणून. अंगावरचे ठिपके म्हणजे देवीचे फोड, असं सांगतात. आज ऑफिसातल्या डेस्कवर ठेवायला यापेक्षा गोड वस्तू नाही. बॉसने काहीही सांगितलं तरी ती मान डोलावणार.

गाडी सुटली की पहिलंच स्टेशन नानुकामाची. इथली इमारत शंभर वर्षांपूर्वीच्या ढंगाची, आत कॅफे. बाहेर जुन्या पेढ्यांचा रस्ता. लाखेची भांडी, रंगवलेल्या मेणबत्त्या, साके, मिसो. हाताशी दोन-तीन तास असतील तर इथेच उतरून घालवा. पुढचं निशि-वाकामात्सु हे जंक्शन. इथून आइझु रेल्वे नावाची वेगळी लाइन दक्षिणेला फुटते. ती का महत्त्वाची, ते शेवटी सांगतो.

मग आइझु-होंगो, चारशे वर्षांची परंपरा असलेलं कुंभारांचं गाव. गाव स्टेशनपासून जरा लांब आहे, तेवढं लक्षात ठेवा. मग आइझु-ताकादा. इथवर गाडी भाताच्या सपाट खाचरांतून आरामात जाते. मजा म्हणजे ती आधी दक्षिणेला जाते, मग वळून उत्तरेला. एका मोठ्या वळशाने अख्ख्या खोऱ्याला प्रदक्षिणाच घालते. आइझु-बान्गे हे वाटेतलं मोठं गाव. सकाळच्या उलट्या दिशेच्या गाडीत इथे कॉलेजची पोरं चढतात. युनिफॉर्म, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. जगात कुठेही जा, सकाळची पोरं सारखीच.

बान्गे मागे पडलं की चढ लागतो. झाडं डब्याच्या इतकी जवळ येतात की पानं काचेला घासतील असं वाटतं. इथून पुढचा मुलुख म्हणजे ओकुआइझु, आतलं आइझु.

आइझु-यानाइझुला जरूर उतरा. नदीकाठच्या कड्यावर एन्झोजी नावाचं मंदिर आहे. १६११ च्या भूकंपात इथली पडझड झाली. पुन्हा बांधायला लाकडं वाहून न्यायची होती, तेव्हा कुठून तरी लाल बैलांचा कळप आला आणि त्यांनी ओझी वर चढवली, अशी कथा. तीच ती आकाबेको! गावाची दुसरी ओळख म्हणजे 'आवा मांजू'. आवा म्हणजे आपला राळा. राळ्याच्या पिवळ्या आवरणात गोड सारण, वाफेवर शिजवलेलं. जपानीत 'आवा' या आवाजात 'न भेटणे' दडलंय, म्हणून हा खाल्ला की संकटं भेटत नाहीत! आपल्या उकडीच्या मोदकाच्या गावातून आलेल्या माणसाला हा प्रकार आवडला नाही तरच नवल. गरमागरम खा, गार झाल्यावर ती मजा नाही.

तो पूल

तुम्ही तादामी लाइनचं नाव ऐकलं नसेल, पण फोटो नक्की पाहिलाय. हिरव्यागार डोंगरांच्या मधोमध शांत नदी, तिच्यावर लोखंडी कमान, कमानीवरून जाणारी इटुकली गाडी आणि खाली पाण्यात या सगळ्याचं प्रतिबिंब. कुणाच्या तरी डेस्कटॉपवर वॉलपेपर म्हणून असतोच. तो हा तादामी नदीवरचा पहिला पूल, आइझु-हिनोहारा आणि आइझु-निशिकाता या स्टेशनांच्या मध्ये.

नदी एवढी स्तब्ध का, याचं उत्तर रोमँटिक नाही. तिच्यावर एकामागोमाग एक वीजनिर्मितीची धरणं आहेत. धरणांमुळे पाणी साचतं, साचलेलं पाणी आरसा होतं. उन्हाळ्यात पहाटे आणि सांजेला याच गार पाण्यावर धुकं धरतं. म्हणजे ज्या देखाव्याला आपण 'निसर्ग' म्हणतो, त्यातला निम्मा सिव्हिल इंजिनीअरने काढलाय.

फोटो काढायची जागा मात्र गाडीत नाही, हायवेवर! मिशिमा गावाजवळ हायवेला लागून 'ओझे काइदो मिशिमा-जुकु' नावाचा थांबा आहे. दुकान, स्वच्छतागृह, खाणं सगळं आहे. तिथून डोंगरात पायवाट चढते आणि एकावर एक असे फोटोचे कट्टे लागतात. जितकं वर जाल तितका पूल सुंदर. गाडी पुलावरून कधी जाणार, त्याच्या वेळाही तिथेच लावलेल्या. वेळ झाली की सगळे कॅमेरे सज्ज, कुणी बोलत नाही. गाडी येते. पंधरा-वीस सेकंद. क्लिक, क्लिक, क्लिक. संपलं!

जपानमध्ये रेल्वेवेड्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. फोटो काढणारे ते 'तोरि-तेत्सु', बसून प्रवास करणारे ते 'नोरि-तेत्सु'. तेत्सु म्हणजे लोखंड. तादामी लाइनचा खरा पेच याच दोन जातींत अडकलाय. कारण फोटो काढणारा येतो कारने, गाडीचा फोटो काढतो आणि कारनेच परत जातो. गाडी जगभर प्रसिद्ध होते आणि तिचं तिकीट कुणीच काढत नाही.

हे फोटो जगभर पोचवणाऱ्यांत एक नाव मोठं आहे, होशी केन्को. ते इथल्याच कानेयामा गावचे. वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ते या लाइनचे फोटो काढतात. त्यांचं मूळ खेडं मिफुके आता नकाशावर उरलेलं नाही. १९६४ मध्ये दरड कोसळली आणि सगळ्यांना गाव सोडावं लागलं. नदीपलीकडच्या त्या खेड्यात जायची होडी होशींनी पुढे पुन्हा सुरू केली. हायातो स्टेशनच्या जवळ, धुक्याच्या दिवसांत, वल्ह्याच्या होडीतून हा फेरा मारता येतो. ती होडी आणि पहिला पूल या दोन गोष्टींनी तैवानसारख्या देशांतल्या पर्यटकांना अक्षरशः वेड लावलंय.

एकोणपन्नास माणसं

आइझु-मियाशिता मागे टाकून गाडी आइझु-कावागुचीला येते. इथे प्लॅटफॉर्म आणि नदी यांच्यात जेमतेम जागा. दाराबाहेर पाऊल टाकलं की पाणीच. आणि इथूनच या लाइनची खरी गोष्ट सुरू होते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही लाइन एका दमात बांधलेली नाही. वाकामात्सुकडून ती १९२८ मध्ये यानाइझुपर्यंत आली, १९४१ मध्ये मियाशितापर्यंत, १९५६ मध्ये कावागुचीपर्यंत. त्यापुढचा तुकडा रेल्वेने नाही, वीज कंपनीने टाकला. वर तागोकुरा नावाचं १४५ मीटर उंचीचं धरण बांधायचं होतं. सिमेंट, यंत्रं आणि माणसं डोंगरात न्यायला १९५७ मध्ये तादामीपर्यंत रूळ गेले. धरण झालं, मग १९६३ मध्ये हाच रूळ प्रवासी गाड्यांना मिळाला. तिकडून निइगाताच्या बाजूने ओशिराकावापर्यंत रूळ १९४२ पासूनच होते. मधला डोंगर फोडून दोन्ही टोकं जुळली ती २९ ऑगस्ट १९७१ ला.

पण तोवर जमाना बदलला होता. लोक कार घेऊ लागले, तरुण मुलं शहरात गेली. १९८० च्या दशकात तोट्यातल्या जपानी सरकारी रेल्वेने ८३ लहान लाइनी काढून टाकायचं ठरवलं. प्रवाशांच्या आकड्यांवर गेलं तर तादामीचाही नंबर लागायचा. वाचवलं कुणी? बर्फाने! तादामी आणि निइगाता यांच्यामधला डोंगरातला रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्महिने बंद असतो. त्या दिवसांत पलीकडे जायला ही गाडीच. पर्यायी रस्ता नाही म्हणून लाइन ठेवली. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन खासगी कंपन्या झाल्या आणि ही लाइन जेआर ईस्टकडे आली.

मग २०११ उजाडलं. मार्चमधला भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचा अपघात सगळ्या जगाला माहीत आहे. आइझु तिथून शंभर किलोमीटरहून लांब, डोंगरापलीकडे. तरीही नावात फुकुशिमा आहे म्हणून पर्यटक आटले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला. तादामी नदीवरचे पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन पूल पाण्याने ओढून नेले. बाकीची लाइन हळूहळू सुरू झाली, पण कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा बंदच. गाडीच्या जागी बस आली.

आता तुम्ही कंपनीत बसणारे आहात, एक्सेल शीट वाचता येतं. हे आकडे बघा. पुराआधी, २०१० मध्ये, या तुकड्यात दिवसाला सरासरी किती प्रवासी असत? ४९. चारशे एकोणपन्नास नाही, फक्त एकोणपन्नास! मुंबईत एका लोकलच्या एका डब्याच्या दारात याहून जास्त माणसं असतील. आणि दुरुस्तीचा खर्च? सुमारे ९०० कोटी येन. प्रेझेंटेशनची दुसरी स्लाइड यायच्या आत आपण 'बंद करा' म्हणून मोकळे झालो असतो. जेआरही म्हणाली, बस चालवू. बस स्वस्त पडते, थांबे वाढवता येतात आणि गावाच्या आत शिरते. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

गावं मात्र ऐकेनात. त्यांचं म्हणणं काय होतं? रूळ गेला की नकाशावरून नाव जातं. बस वेळापत्रकातून कधी गायब होते, कुणाला कळतही नाही. एकदा गाडी गेली की शाळा जाते, मग दवाखाना जातो, मग उरलेली माणसं. दुसरं म्हणजे, इथे येणारा माणूस बस बघायला येत नाही. या भागाकडे विकायला कारखाने नाहीत, मॉल नाहीत. आहे तो डोंगर, नदी आणि त्यांच्यातून जाणारी ती एक गाडी.

शेवटी २०१७ मध्ये तोडगा निघाला. रूळ, पूल, स्टेशनं म्हणजे 'खालचं' सगळं फुकुशिमा प्रीफेक्चरचं. गाड्या चालवणं म्हणजे 'वरचं' जेआरचं. दुरुस्तीच्या खर्चाचा एक तृतीयांश जेआरने उचलला, बाकीचा केंद्र सरकार, प्रीफेक्चर आणि गावांनी मिळून. आणि दरवर्षीच्या देखभालीचा भार यापुढे प्रीफेक्चर आणि आसपासच्या गावांच्या डोक्यावर. म्हणजे 'आम्हाला गाडी हवी' म्हणणाऱ्यांनी खिशात हात घातला.

१ ऑक्टोबर २०२२ ला, अकरा वर्षांनी, पहिली गाडी पुन्हा कावागुचीहून तादामीला गेली. त्या शरदात डबे इतके खच्चून भरले की वाटेतल्या स्टेशनांवरच्या लोकांना चढायची पंचाईत झाली.

हात हलवा!

हा परत आलेला तुकडा शांत आहे. होन्ना, आइझु-योकोता, आइझु-ओशिओ, आइझु-गामो. स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक खोली, माणूस नाही. ओशिओजवळ जमिनीतून नैसर्गिक सोडा येतो, चक्क बुडबुड्यांचं पाणी! लोक बाटल्या भरून नेतात.

आणि खिडकीतून बघाल तर एक गोष्ट लक्षात येईल. शेतात वाकलेली आजी सरळ होते आणि हात हलवते. दुकानाच्या दारातला माणूस हात हलवतो. बालवाडीची पोरं तर ओळीने उभी राहून हलवतात. आपणही नकळत हलवू लागतो. आधी वाटतं, वा, काय प्रेमळ लोक! मग कळतं की तादामी गावाने याचा रीतसर नियमच मंजूर केलाय. गाडी दिसली की सगळ्यांनी हात हलवायचा!

हसू येतं खरं. पण विचार करा. लाइन बंद पडलेल्या गावाने, पूल वाहून गेलेला असताना, आपण काय करू शकतो असा विचार केला. पूल बांधणं आपल्या हातात नाही. पण हात आहे ना, तो हलवू. परक्या माणसाला निदान वाटेल की कुणीतरी आपल्याला पाहिलं. आपल्याकडे रोज त्याच डब्यात त्याच लोकांबरोबर वर्षानुवर्षं प्रवास करून शेजारच्याचं नाव माहीत नसतं.

तादामीला काही गाड्या वीसेक मिनिटं थांबतात. उतरा, पाय मोकळे करा. इथली बीचची जंगलं आणि बर्फाळ डोंगर २०१४ पासून युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रात आहेत. हिवाळ्यात इथे माणसाहून उंच बर्फ साचतो आणि फेब्रुवारीत बर्फाचा उत्सव भरतो. मुक्काम करायचा असेल तर या लाइनवर हेच ठिकाण. संध्याकाळी सातनंतर इथे काय असतं? काही नाही. तेच तर हवंय ना!

तादामी सुटलं की पुढचं स्टेशन २०.८ किलोमीटरवर. मध्ये तागोकुराचं तळं खिडकीत क्षणभर चमकतं आणि गाडी ६,३५९ मीटरच्या बोगद्यात शिरते. डोंगरातल्या या वाटेचं नाव रोकुजुरिगोए, म्हणजे साठ 'री' ची वाट. खरं अंतर सहाच री, पण चालताना साठ वाटतात, असं सांगतात. तळ्याकाठी पूर्वी तागोकुरा नावाचं स्टेशनही होतं. चढणारं-उतरणारं कुणी नाही म्हणून ते २०१३ मध्ये बंद झालं. सगळंच वाचत नाही.

बोगद्यापलीकडे प्रीफेक्चर बदलतं. ओशिराकावा, इरिहिरोसे, एचिगो-सुहारा करत गाडी उओनुमाच्या भातखाचरांत उतरते. जपानमधला सगळ्यात नावाजलेला कोशिहिकारी तांदूळ इथलाच. आपल्या आंबेमोहोरासारखा याचाही भाव आणि तोरा वेगळा. आणि मग कोइदे. लाइन संपली.

मग, हे सगळं टिकेल?

खरं सांगायचं तर गर्दी शरदातली आहे, फेब्रुवारीतल्या मंगळवारची नाही. जोरदार बर्फ पडला की बोगद्याच्या बाजूचा तुकडा कित्येक दिवस बंद राहतो, म्हणजे ज्या कारणासाठी लाइन वाचवली, नेमकं त्याच दिवसांत कधीकधी ती चालत नाही. गावातली माणसं दरवर्षी कमी होताहेत, आणि देखभालीचं बिल दरवर्षी येतंय. पर्यटक एका टोकाला चढतो, दुसऱ्या टोकाला उतरतो आणि मधल्या गावांत शंभर येनही खर्च करत नाही, ही तक्रारही आहेच.

तरीही मला गावांचं चुकलं असं वाटत नाही. एक्सेलमध्ये ४९ हा आकडा लहान दिसतो. पण त्या ४९ मध्ये दवाखान्यात जाणारी आजी असते आणि शाळेत जाणारा मुलगा असतो, आणि त्यांना दुसरी गाडी नसते. त्यांच्यासाठी काय परवडतं, हे ठरवायचा हक्क बिल भरणाऱ्यांना असेल, तर इथे बिल त्यांनीच भरलंय. आपण पाहुण्यांनी एवढंच करायचं: फोटो काढा, पण तिकीटही काढा. आणि वाटेत एका तरी स्टेशनवर उतरा. पुढची गाडी तीन तासांनी आहे, हा इथे प्रॉब्लेम नाही. त्यासाठीच तर आलात!

कनेक्शनचा फंडा

कसं जाल? तीन वाटा आहेत. पहिली सोपी: तोक्योहून बुलेट ट्रेनने कोरियामा, साधारण सव्वा तास. तिथून बानएत्सु वेस्ट लाइनने आणखी साधारण तेवढ्याच वेळात आइझु-वाकामात्सु. दुसरी निवांत: तोक्योच्या असाकुसाहून तोबु कंपनीची एक्सप्रेस थेट आइझु-ताजिमापर्यंत, पुढे आइझु रेल्वेने निशि-वाकामात्सु. तिसरी उलटी: बुलेट ट्रेनने उरासा, तिथून जोएत्सु लाइनने दोन स्टेशनांवर कोइदे. उरासा स्टेशनबाहेर हात उंचावून उभा असलेला पुतळा काकुएई तानाकांचा, १९७२ ते १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान. रस्ते, बोगदे आणि बुलेट ट्रेन आपल्या निइगाताकडे वळवणारा नेता म्हणून त्यांची ख्याती!

कुठली गाडी? मुक्काम वाकामात्सुला करा आणि सकाळची पहिली पकडा. संध्याकाळच्या गाडीत, विशेषतः हिवाळ्यात, काचेत स्वतःचा चेहरा सोडून काही दिसणार नाही. वेळापत्रक वर्षातून बदलतं, निघायच्या आदल्या दिवशी जेआर ईस्टच्या साइटवर गाडी चालू आहे ना ते बघाच.

तिकीट? अख्ख्या लाइनवर गाड्या जेआरच्याच, त्यामुळे पर्यटकांचा जेआर पास चालतो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये पासचे दर खूप वाढले, त्यामुळे आधी हिशेब मांडा. सुट्टे येन जवळ ठेवा. बिनमाणसाच्या स्टेशनवर चढलात तर दारातल्या यंत्रातून छोटी चिठ्ठी घ्या, उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाका.

कधी? ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर सुरुवात, पानं लाल-पिवळी होतात तेव्हा. गर्दी नको असेल तर जून-जुलै, पहाटेचं धुकं तेव्हाच. बर्फ बघायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, पण हाताशी एक दिवस जादा ठेवा.

काय खाल? आइझुची सोबा, सॉस लावलेला कात्सुदोन, आणि सणासुदीचं कोझुयु हे सूप. शाकाहारी मंडळींनो, सोबाच्या रश्श्यात आणि कोझुयुमध्येही समुद्रातलं काहीतरी असतंच, तेव्हा विचारून घ्या. वाटेत स्टेशनांवर खायला फारसं मिळत नाही. वाकामात्सुहूनच उमे भरलेले ओनिगिरी घ्या, आणि बॅगेत चकलीचा डबा असू द्या. समोरच्या आजींना एक दिलीत, तर त्या बदल्यात काय देतील याचा नेम नाही.